महाराष्ट्राचा रणजी संघ : १९४१ नंतरचे दिवस

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेची स्थापना १९३४ सालची. रणजी करंडक स्पर्धाही त्याच हंगामात सुरू झाली. पहिल्या सात हंगामांत महाराष्ट्राने हा करंडक दोनदा जिंकला. १९३९-४० ला पुण्यात संयुक्त प्रांताचा पराभव केला आणि लगेच पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासचा. दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, स. प. महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक, वयाने पन्नाशीला टेकलेले. पन्नाशी उलटल्यावरही या गृहस्थांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतके ठोकली होती. पुढे ते १०१ वर्षे जगले आणि १९९३ साली गेले. आपल्या संघाच्या हाती पुन्हा रणजी करंडक पाहणे मात्र त्यांच्या नशिबी आले नाही. अजून ते कोणाच्याच नशिबी आलेले नाही.

म्हणजे महायुद्धानंतरचा महाराष्ट्राच्या संघाचा इतिहास हा करंडकाविनाचा इतिहास आहे. स्मरणिकेत असे लिहिणे अनेकांना रुचणार नाही. पण भारतीय क्रिकेटमधले काही न मोडलेले विक्रम, सर्वांत लांबलेल्या सामन्यांपैकी एक सामना आणि देशाला मिळालेले कितीतरी खेळाडू याच करंडकाविनाच्या काळातले आहेत. जुन्नर-आंबेगावच्या नव्या पोरांना संघाची ओळख होते ती ऋतुराज गायकवाडपासून. त्यांच्यासाठी ही हकिकत थोडी मागून सांगितलेली बरी.

डिसेंबर १९४८. पुण्यात काठियावाडशी सामना. काठियावाडने २३८ धावा केल्या. मग भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. कोल्हापूरचे, नुकतीच २९ वर्षे पूर्ण केलेले. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकरांच्या २०५ झाल्या. दुसऱ्या गड्याचा तो जागतिक विक्रम पुढे २५ वर्षांहून अधिक काळ टिकला आणि १९७४ साली इंग्लंडात मोडला. भांडारकर बाद झाले तरी निंबाळकर थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा फळ्यावर ४ बाद ८२६ होते आणि निंबाळकरांच्या नावावर नाबाद ४४३. चौकार ४९, षटकार एक. हिशेब केला तर २४१ धावा त्यांनी पळून काढल्या होत्या, आणि समोरच्या फलंदाजाच्या धावांसाठी पळाले ते वेगळेच. एकूण ४९४ मिनिटे ते खेळपट्टीवर होते, म्हणजे सव्वाआठ तासांना एकच मिनीट कमी.

डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम १९३० सालचा. तो गाठायला नऊ धावा हव्या होत्या, मोडायला दहा. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब होते. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाहीतर आम्ही निघालो, असे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कळवले. दोन षटके तरी टाका, अशी विनवणी झाल्याचे सांगतात. ठाकूरसाहेब बधले नाहीत. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाशी कायमचे जोडले जाऊ नये, ही त्यांची अडचण. संघाने सामान बांधले, सामना सोडून दिला आणि निघून गेला. नाव जोडले जाऊ नये म्हणून गेले आणि नेमके त्यामुळेच जोडले गेले; काठियावाडचा त्या हंगामातला दुसरा कोणताही सामना आज कोणाला आठवत नाही. संस्थानी काळातली ही ऐट खेळाला शोभणारी नव्हती, हे इतक्या वर्षांनी स्पष्ट म्हणायला हरकत नसावी.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ४४३ ही आजही कोणाही भारतीयाची सर्वांत मोठी खेळी आहे. जगात तिच्या पुढे तीनच : ब्रायन लारा नाबाद ५०१, कराचीत पाचशेवी धाव घेताना धावबाद झालेला हनीफ महंमद ४९९, आणि ब्रॅडमन. हे तिघेही आपापल्या देशाकडून भरपूर कसोट्या खेळले. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये कोल्हापुरात ते गेले, तेव्हा ९३ पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता.

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. ५ तारखेला सुरू झालेला सामना ११ तारखेला संपला. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७. आघाडी २४४ धावांची असूनही मुंबई पुन्हा खेळली आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचे लक्ष्य. कोणत्याही शहाण्या संघाने अशा वेळी दोन तास बॅट फिरवून घरचा रस्ता धरला असता. महाराष्ट्राने चौथ्या डावात ६०४ धावा केल्या. हरलो ३५४ धावांनी. पण चौथ्या डावात त्याहून मोठी धावसंख्या तोवर एकदाच झाली होती, इंग्लंडची, दरबानला.

त्या सामन्यात एकूण २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा जगात कुठेही झालेल्या नाहीत. शतके नऊ. मुंबईच्या माधव मंत्रींनी २०० केल्या. उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांनी दोन्ही डावांत शतके काढली. आपल्याकडून मनोहर दातार १४३, एस. डी. देवधर १४६, आणि मधुसूदन रेगे पहिल्या डावात १३३, दुसऱ्यात बरोबर १००. एका सामन्यात तिघांची दोन-दोन शतके, आणि त्यांतला एक हरलेल्या संघातला. रेगे कसोटी एकच खेळले. या सामन्यातल्या गोलंदाजांबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. खरे तर सात दिवस उन्हात त्यांनी जे सोसले त्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

पन्नासच्या दशकातले दोन प्रसंग थोडक्यात. नाशिकचे बापू नाडकर्णी १९५१-५२ पासून महाराष्ट्राकडून खेळू लागले. मुंबईत ब्रेबर्न मैदानावर मुंबईविरुद्धच त्यांनी नाबाद १०३ काढल्या. आणि १९५६-५७ ला खडकवासल्याला वसंत रांजणे नावाचा पोरगा पहिल्यांदा उभा राहिला तो सौराष्ट्राचे ९ गडी ३५ धावांत घेऊनच थांबला. सामन्यात ७१ धावांत १३ बळी. पहिल्याच सामन्यात इतके घेऊन पुढे काय करायचे, असा प्रश्न पडावा. रांजणे पुढे सात कसोट्या खेळले.

आता जरा मागे वळून याच माणसांचे पुढे काय झाले ते बघा. १९३९-४० ला बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ करून रणजीतले पहिले त्रिशतक महाराष्ट्राला मिळवून देणारे विजय हजारे बडोद्याला गेले. निंबाळकर होळकरांच्या इंदूरला आणि नंतर रेल्वेकडे. नाडकर्णी मुंबईकडे, आणि मुंबईबरोबर त्यांनी करंडकामागून करंडक घेतले. रांजणे रेल्वेकडे. पुण्यातच जन्मलेले चंदू बोर्डेही मधली अनेक वर्षे बडोद्याकडून खेळले. कारण साधे होते. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नव्हते. सामन्याचा भत्ता म्हणजे जेमतेम गाडीभाडे आणि चहापाणी. खेळाडूला सांभाळायचा म्हणजे त्याला नोकरी द्यावी लागे, आणि नोकरी संस्थानिकांकडे होती, रेल्वेकडे होती, मुंबईच्या कंपन्यांत होती. महाराष्ट्राच्या संघटनेकडे ती नव्हती. आपल्या दोन तालुक्यांतल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. भायखळ्याच्या आणि पुढे वाशीच्या बाजारात जुन्नर-आंबेगावची माणसे याच कारणाने गेली. गाव सुटले ते गावावरचे प्रेम आटले म्हणून नव्हे. माझ्या मते महाराष्ट्राच्या करंडकाविनाच्या काळाचे अर्धे उत्तर या नोकऱ्यांत आहे. खेळाडू घडवायचे पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात, आणि जिंकायचे दुसऱ्या कोणी.

उरलेले अर्धे उत्तर मैदानावरचे आहे, आणि तिथे सबबी चालत नाहीत. १९७०-७१ चा हंगाम घ्या. बोर्डे परत आले होते. यष्टिरक्षक-फलंदाज हेमंत कानिटकर ऐन भरात होते. त्याच हंगामात राजस्थानविरुद्ध त्यांनी २५० केल्या. वाडिया महाविद्यालयात शिकलेले आणि कमल भांडारकरांच्या हाताखाली तयार झालेले चेतन चौहान त्या काळी महाराष्ट्राचेच. संघ अंतिम सामन्यात पोचला, समोर मुंबई. पण कोणती मुंबई? अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर, अशोक मंकड ही सगळी मंडळी भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेली. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने दुसरी फळी उतरवली आणि आपण ४८ धावांनी हरलो. त्या दिवसाइतकी चांगली संधी महाराष्ट्राला नंतर कधी आली नाही, असे जुने जाणकार म्हणतात, आणि ते खरे आहे.

चौहान पुढे दिल्लीला गेले. त्याआधी विदर्भाविरुद्ध मधू गुप्तेंबरोबर त्यांनी सलामीला ४०५ धावांची भागी केली होती. भारताकडून ते ४० कसोट्या खेळले, २०८४ धावा केल्या, एकही शतक नाही, सर्वोच्च ९७. कानिटकरांना तर दोनच कसोट्या मिळाल्या. १९७४ साली बंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच डावात त्यांनी ६५ केल्या. त्याच कसोटीत व्हिव्ह रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज यांनीही पदार्पण केले होते.

स्वारगेटचे नेहरू स्टेडियम हे मग कितीतरी वर्षे संघाचे घर होते. मालकी महापालिकेची. विश्वचषकात २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले ते याच मैदानावर. आपल्या संघाच्या दृष्टीने तिथला मोठा दिवस १९८८-८९ चा. मध्य प्रदेशविरुद्ध शंतनू सुगवेकर खेळत होते. त्रिशतकाला एक धाव हवी असताना समोरचा शेवटचा गडी बाद झाला. नाबाद २९९. जगात याआधी असे ब्रॅडमन यांच्याच बाबतीत घडले होते. ॲडलेडच्या कसोटीत तेही नाबाद २९९ वर राहिले, समोरचा शेवटचा फलंदाज धावबाद झाला म्हणून. निंबाळकरांना ब्रॅडमनशी बरोबरी करू दिली नाही, सुगवेकरांना ती नको असताना झाली.

१९९२-९३ ला सुगवेकर, सुरेंद्र भावे यांच्या पिढीने संघाला पुन्हा अंतिम सामन्यात नेले. लुधियानात पंजाब जिंकला. पंजाबचा तो पहिलाच रणजी करंडक.

हेमंत कानिटकरांचे चिरंजीव हृषीकेश हे नाव तर घरोघरी पोचले. १८ जानेवारी १९९८, ढाका, पाकिस्तानविरुद्ध दोन चेंडूंत तीन धावा हव्यात, आणि सकलेन मुश्ताकला मारलेला चौकार. ती पिढी अजून त्या फटक्याबद्दल बोलते. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे धावांचा रतीब घालणाऱ्या या माणसाच्या हाती रणजी करंडक अखेर आला, तोही लागोपाठ दोनदा, २०१०-११ आणि २०११-१२ ला. राजस्थानचा कर्णधार म्हणून! हजारे-नाडकर्णींच्या काळी सुरू झालेली रीत एकविसाव्या शतकातही सुटली नाही. मधल्या काळात, २००९-१० ला, महाराष्ट्राने सय्यद मुश्ताक अली टी-२० करंडक जिंकला, तेवढाच दिलासा.

द्रुतगती मार्गालगतचे गहुंजेचे मैदान २०१२ साली झाले आणि संघटनेला हक्काचे घर मिळाले. त्याच वर्षी केदार जाधवने तिथे उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ केल्या. पण खरा हंगाम पुढचा, २०१३-१४ चा. त्या वर्षी केदारने १२२३ धावा केल्या, देशात सर्वांत जास्त. हर्षद खडीवालेनेही हजार ओलांडल्या. उपांत्यपूर्व सामना वानखेडेवर, गतविजेत्या आणि ४० वेळा करंडक जिंकलेल्या मुंबईशी. पहिल्या डावात आपण १२२ धावांनी मागे. सामना हातचा गेला असे समजून अनेकांनी रेडिओ-टीव्ही बंद केला असेल. दुसऱ्या डावात मुंबई १२९ वर गारद झाली. २५२ धावा हव्या होत्या. जालन्याचा विजय झोल नाबाद ९१, केदार नाबाद १२०, आठ गडी राखून विजय. मुंबईला तिच्या घरात जाऊन, चौथ्या डावात पाठलाग करून हरवले! १९४९ ची आणि १९७१ ची सगळी नाही, पण बरीचशी परतफेड त्या दुपारी झाली. उपांत्य सामन्यात बंगालला ११४ वर उखडून दहा गड्यांनी जिंकलो. हैदराबादच्या अंतिम सामन्यात मात्र कर्नाटक भारी पडले. ३०५ आणि ३६६ ला त्यांनी ५१५ आणि ३ बाद १५७ असे उत्तर दिले.

ऑक्टोबर २०१६. पुन्हा वानखेडे, समोर दिल्ली. २ बाद ४१ वर अंकित बावणे स्वप्निल गुगळेला येऊन मिळाला. त्यानंतर दिल्लीला विकेटच मिळाली नाही. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८, भागी ५९४. गुल महंमदबरोबर ५७७ धावांचा जुना रणजी विक्रम ज्यांच्या नावावर होता ते विजय हजारेच. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाचा विक्रम महाराष्ट्रानेच मोडला. संगकारा-जयवर्धने यांचा ६२४ चा जागतिक विक्रम तीस धावांवर होता. डाव घोषित झाला. १९४८ ला प्रतिस्पर्धी कर्णधाराने थांबवले होते, या वेळी डाव घोषित करणारा कर्णधार खुद्द गुगळे होता. दिल्लीच्या ऋषभ पंतने, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ३०८ करून उत्तर दिले आणि सामना अनिर्णित राहिला. गुगळेने केले ते योग्य की अयोग्य यावर अजून वाद घालता येतो. मला तो निर्णय आवडतो. दुसऱ्याने हिसकावलेला विक्रम आणि आपणहून सोडलेला विक्रम यांत फरक आहे.

२८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादला ऋतुराजने उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. एक चेंडू नो-बॉल होता, षटकात ४३ धावा. त्याच्या नाबाद २२० धावांत षटकार सोळा. चारच दिवसांनी विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने शतकही केले, आणि सौराष्ट्र पाच गडी राखून जिंकले. ज्या करंडकाला आपल्याकडून गेलेल्या माणसाचे नाव, तोही असा हातातून गेला.

मुलींची गोष्ट इथे उपरीसारखी शेवटी येते आहे, पण ती महत्त्वाची आहे. सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१३ साली एकोणीस वर्षांखालील सामन्यात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. वाड्यावस्त्यांवरच्या किती मुलींच्या हाती त्यानंतर बॅट आली, हे कोणत्याही गावच्या शाळेच्या मैदानावर दिसते.

आज परिस्थिती बदलली आहे. २०२१ पासून रणजी खेळाडूला अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळते. नोकरीसाठी संघ सोडायची वेळ राहिलेली नाही. उलट २०२५ साली मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा जलज सक्सेना महाराष्ट्राकडे आले. जाणाऱ्यांची यादी आपण वर दिली. येणाऱ्यांची सुरू झाली आहे.

राहता राहिले आपले दोन तालुके. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर, कुठेही जा, टेनिस बॉलच्या स्पर्धांना तोटा नाही. सीझन बॉलचे मात्र तसे नाही. त्याला विकेट हवी, नेट हवे, शिकवणारा हवा, आणि त्यासाठी पोराला चाकण ओलांडावे लागते. जे ओलांडून गेले, पुण्याच्या क्लबांकडून, महाविद्यालयांकडून, जिल्ह्याकडून खेळले, त्यांची नोंद कुठेही एकत्र नाही. निंबाळकरांच्या ४४३ चा धावफलक राहिला म्हणून आज आपण चौकार मोजू शकतो. तेव्हा ज्यांच्या घरी जुनी स्कोअरबुके, संघाचे फोटो, प्रमाणपत्रे, कात्रणे असतील त्यांनी ती स्मरणिका समितीकडे आणून द्यावीत. प्रती काढून मूळ कागद परत केले जातील. पुढच्या अंकात त्यांची स्वतंत्र यादी छापायची आहे.